हातावरचा बिब्बा

माझं माहेर साक्रीकडचं, डोंगराच्या पायथ्याशी. थंडीत आमच्याकडे बायका बिब्बे फोडून गोडंबी काढायच्या. बिब्ब्याच्या सालीत काळं तेल असतं, ते अंगाला लागलं की कातडी जाळतं. म्हणून हाताला तेल आणि राख चोळून बसायचं आणि फोडताना तोंड बाजूला ठेवायचं. मी पहिल्यांदा आईजवळ बसले तेव्हा बोटांना तेल लागलं, बोटं काळी झाली, बाकी काही झालं नाही. पुढच्या खेपेला मनगटावर नुसता एक शिंतोडा उडाला आणि दुसऱ्या दिवशी माझं तोंड एवढं सुजलं की डोळे उघडेनात. आई म्हणाली, "हिला बिब्बा उततो."

तेव्हा मी चौथीत होते. सूज उतरली तरी गालावर काळे डाग राहिले. शाळेत पोरं हसायची. मी जायचं बंद केलं आणि जा असं कोणी म्हटलंही नाही. डाग पुढे गेले, पण खाली बघून बोलायची सवय लागली ती लागलीच. हे आधी लिहिते, कारण माझ्या पोरीचं जे झालं ते या बिब्ब्यावरून झालं.

लग्न होऊन मी अमळनेरजवळच्या गावात आले. पोरीचे वडील अमळनेरला जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांना टीबी झाला. गोळ्या सुरू केल्या, बरं वाटलं की सोडल्या, परत सुरू केल्या. शेवटी धुळ्याच्या दवाखान्यात वारले. गावात कोणी विचारलं तर आत्याबाई, म्हणजे माझी सासू, सांगायची, "दमा व्हता त्याले. रुईनी धूळ छातीमा गई." ती इतक्या वेळा सांगायची की मलाही कधी कधी तेच खरं वाटायचं. घरात आम्ही तिघीच उरलो. आत्याबाई, मी आणि पोरगी. पोरगी तेव्हा अमळनेरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती.

वर्ष सरायच्या आत धुळ्याहून एक डॉक्टरबाई आली. ज्या घरात टीबीचा रोगी होऊन गेला त्या घरांतल्या माणसांना तपासायचं होतं आणि एका नव्या लसीची चाचणी करायची होती. आशाताईने आम्हाला गावातल्या उपकेंद्रात बोलावलं. इतरही घरांतल्या बायका होत्या. घरात टीबी होता हे तिथे बसणाऱ्या प्रत्येकीला दुसरीबद्दल माहीत होतं आणि स्वतःबद्दल कोणी बोलत नव्हतं.

डॉक्टरबाई खुर्ची सोडून सतरंजीवर आमच्यासमोर बसली. म्हणाली, "लहानपणी दंडावर टोचतात ती टीबीचीच लस, पण मोठेपणी तिचा जोर ओसरतो. आता नवी करायची तर अडचण अशी आहे. बऱ्याच लसी रक्तात असं काही तयार करतात की जंतू दिसला की ते त्याला धरतं. हा जंतू मात्र रक्तात उघड्यावर फिरत नाही. तो आपल्याच पेशीच्या आत शिरून दार लावून बसतो. बाहेरून शोधणाऱ्याला तो सापडत नाही."

"मंग सापडस कोणले?" एका म्हातारीने विचारलं.

"आपल्या अंगात दुसऱ्या पेशी असतात, टी पेशी म्हणतात त्यांना. त्या घराघराचं दार हुंगत फिरतात. आत चोर आहे हे त्यांना दारावरूनच कळतं. पण आधी चोराची ओळख पटवावी लागते. म्हणून या लसीत पूर्ण जंतू नाही. त्याचे निवडक तुकडे आहेत, आणि सोबत त्या पेशींना जागं करणारं औषध. कुठले तुकडे दाखवले तर त्या नीट शिकतील आणि विसरणार नाहीत, हे शोधण्यात माणसांची वर्षं गेली आहेत. तरी ही लस चालेल का, ते अजून कोणालाच माहीत नाही. तेच बघायचं आहे."

मग ती सुईच्या तपासणीबद्दल बोलली. हाताच्या कातडीत थोडंसं औषध टोचायचं. अंगातल्या त्या पेशींना टीबीची ओळख असेल तर दोन-तीन दिवसांत तिथे कडक गाठ येते. गाठ म्हणजे आजार नाही. जंतू कधीतरी आत आला होता आणि कदाचित झोपलेला आहे, एवढंच. छातीचा फोटो स्वच्छ निघाला तर तो जागा व्हायच्या आधीच काही करता येतं. गोळ्या आहेत, आणि ज्यांना चाचणीत यायचं असेल त्यांना ही लस.

माझी पोरगी एकदम बोलली, "बाई, माझ्या आईला बिब्बा उततो. पहिल्यांदा काही झालं नाही, दुसऱ्यांदा तोंड सुजलं. ते पण असंच का?"

मी पदर तोंडावर घेतला. डॉक्टरबाई मात्र खूश झाली. "अगदी तेच! त्याच पेशी. पहिल्यांदा त्या बिब्ब्याला ओळखायला शिकतात, दुसऱ्यांदा ओळखून उठतात. म्हणून तर लगेच सूज येत नाही, एक-दोन दिवस लागतात. बिब्ब्याची सूज आणि आमच्या सुईची सूज एकाच जातीची. नुसतं बघून कधी कधी मलासुद्धा फरक सांगता यायचा नाही."

मागून एक तरुण बाई म्हणाली, "मंग मनी सासूले देखताच मनं अंग उठस, ते बी त्याच पेशी का?"

सगळ्या हसल्या. डॉक्टरबाई म्हणाली, "त्यावर लस निघाली की पहिली मी घेणार."

आत्याबाई हसली नाही. ती भिंतीला टेकून बसली होती आणि डॉक्टरबाईकडे बघत होती. ती ऐकत होती असं तेव्हा मला वाटलं नाही. तिला कमी ऐकू येतं असं ती नेहमी सांगायची.

सोमवारी आम्हाला सुई टोचली. आत्याबाईने घेतली नाही, "मी पिकेल पान, माले काय देखतस," म्हणाली. डॉक्टरबाईने बजावलं, खाजवायचं नाही, काही लावायचं नाही, गुरुवारी मी हात बघायला येईन.

मंगळवारी माझ्या हाताला गाठ धरायला लागली. पोरीच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त. लाल, मधोमध टणक, बोटाला लागेल अशी. मी तिला म्हटलं, घाबरू नको, बाईने सांगितलंय. पण भीती मलाच वाटत होती. बापाला पाणी द्यायला, त्यांचं अंथरूण घालायला, पाय चेपायला हीच असायची.

त्याच दिवशी दुपारी निरोप आला. पारोळ्याकडची माणसं बुधवारी पोरीला बघायला येणार होती. स्थळ चांगलं होतं, विहिरीची शेती, मुलगा शिकलेला. त्यांना आम्ही दमाच सांगितला होता.

मी किराणा दुकानात साखर आणि पोह्यांसाठी गेले. परत आले तर ओसरीवर दिवा पेटवलेला होता, आत्याबाईच्या हातात सुईला टोचलेला बिब्बा होता आणि पोरगी हात पुढे करून बसली होती. गाठीवर काळी फुली उठली होती.

"काय केलं हे?" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

आत्याबाई शांत होती. "पाव्हना हात देखतीन तर काय सांगशी? सुई टोची म्हणशी? कसानी सुई, मंग इचारतीन. बिब्बा उतना म्हणं का कोणी काही इचारस नही."

"बाईने नको म्हणून सांगितलं होतं."

"तिनीच तर सांगं, दोन्ही एकज शेतस म्हनी. पोरना बाप गया. आते तिनं लगीन बी जाऊ देऊ का?"

लहानपणी पोरीच्या टाचेत काटा रुतला होता तेव्हा आत्याबाईने तिला बिब्ब्याचा चटका दिला होता आणि पाय घोट्यापर्यंत सुजला होता. माझ्यासारखाच तिलाही बिब्बा उततो, हे आत्याबाईला पक्कं माहीत होतं.

मी पोरीचा हात ओढून साबणाने धुतला. तेल कधीच आत गेलं होतं. तिने हात सोडवून घेतला. आजीकडे बघत म्हणाली, "आई, मोठमायने जबरदस्ती नाही केली. मीच हात दिला."

"का गं?"

"मला या घरातून जायचंय. मला अजून पप्पांचा खोकला ऐकू येतो. तू मागे भांडी घासत असतेस ना, तेव्हा सुद्धा ऐकू येतो."

मी साबण जागेवर ठेवला आणि पोहे निवडायला घेतले.

बुधवारी पाहुणे आले तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत लाल झाला होता, फोड आले होते, मधोमध काळी फुली. मुलाची आई होती, वडील होते आणि मुलाची धाकटी बहीण सोबत आली होती. बारावीला असेल. तिला पोहे आवडले, तिने मागून घेतले, आणि माझ्या पोरीच्या कानात काहीतरी सांगून दोघी हसल्या. मुलाच्या आईने पोरीचा हात आपल्या हातात घेतला.

"हाई काय व्हयनं?"

"बिब्बा उतना," आत्याबाई म्हणाली. "माय नी लेक, दोन्ही सारख्या."

ती बाई बराच वेळ हाताकडे बघत राहिली. मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. तिने पोरीची बाही नीट खाली केली आणि म्हणाली, "आमनाकडे बी उतस एकले." चहा झाला आणि लग्न ठरलं.

गुरुवारी डॉक्टरबाई आली. माझी गाठ तिने पेनाने आखून पट्टीने मोजली आणि मान हलवली. पोरीचा हात बघितल्यावर तिने पेन पिशवीत ठेवून दिला.

"हे कोणी केलं?"

"बिब्बा उतना शे," आत्याबाई म्हणाली. "दुसरं काहीच नही."

डॉक्टरबाई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात आलं असावं की हे आपल्याच बोलण्यातून उचललं आहे. ती रागावली नाही. पोरीच्या शेजारी बसून म्हणाली, "खाली आमच्या सुईची सूज आहे का, हे आता मी सांगू शकत नाही. असा हात असताना चाचणीतही घेता येणार नाही. पण धुळ्याला ये. रक्त घेऊ. रक्तातल्या त्याच पेशींसमोर जंतूचे तुकडे ठेवतात आणि त्या ओळखतात का ते बघतात. तिथे बिब्बा मधे येत नाही. छातीचा फोटोही काढू. तू सज्ञान आहेस, मी ओढून नेऊ शकत नाही."

पोरगी म्हणाली, "मला काही होत नाही, बाई. खोकला नाही, ताप नाही."

"म्हणूनच आत्ता ये म्हणते."

आत्याबाई म्हणाली, "लगीन व्हई जाऊ दे. मंग कोठे बी ने तिले."

मी तरीही पोरीला तयार केलं. आत्याबाईला सांगितलं, अमळनेरला ब्लाउज शिवायला टाकायचेत. सकाळी दोघी फाट्यावर धुळ्याच्या गाडीसाठी उभ्या राहिलो. गाडी आली. पहिल्याच खिडकीत पोरीच्या होणाऱ्या सासरच्या गावची एक बाई बसली होती. तिने ओळखून हात केला आणि विचारलं, "धुयाले का वं? कोणी दवाखानामा शे का?"

पोरगी हसली, म्हणाली, "नाही, आईला सोडायला आलेय," आणि मागे फिरली. कंडक्टर घाई करत होता. मी गाडीत चढले. मागच्या काचेतून बघितलं तर ती हात ओढणीखाली धरून भराभर गावाकडे चालली होती.

माझा फोटो स्वच्छ निघाला आणि मी चाचणीची सुई घेतली. डॉक्टरबाईने आधी सगळं समजावलं होतं. अर्ध्यांना लस मिळणार, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय ते कोणालाच कळणार नाही, तिलाही नाही. मी विचारलं, "मला पाणी मिळालं असेल तर?" एवढंही विचारायला मला धीर लागला. ती म्हणाली, "तरी आम्ही तुमच्यावर लक्ष ठेवणार, ताई. आणि तुमच्यामुळे पुढच्या कोणाला तरी कळेल." घरी आल्यावर दंड दुखला, अंग मोडून ताप आला. त्या तापाने मला बरं वाटलं. वाटलं, पाण्याने कोणाला ताप येतो का. नंतर कळलं की तशा तापावरूनही काही सांगता येत नाही.

दंडावर हात ठेवून मी खूपदा विचार करायचे. बाळाला अंगावरचं दूध पाजलं की आईकडचं थोडं काही त्याला जातं म्हणतात. माझ्या पेशी काही शिकल्या असल्या, तर त्या वाढलेल्या पोरीला कशा द्यायच्या?

लग्न थंडीत झालं. हात तोपर्यंत बरा झाला होता, फुलीची काळी खूण तेवढी राहिली. हळद लावताना एका बाईने त्या खुणेवर जास्तच चोळली. डॉक्टरबाईचा फोन दोनदा आला. मी सांगितलं, लग्न होऊन गेली. तिने सासरचा नंबर मागितला. पोरीने देऊ नको म्हणून मला शपथ घातली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली. आमच्याकडे आखाजीला सासरवाशिणी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. तिचं पोलकं अंगावर ढगळ झालं होतं. मी विचारलं तर म्हणाली, शेतात काम असतं, ऊन लागतं. दुपारी ती झोक्यावर बसली. दोघी जणी झोका देत होत्या. तिने गाणं उचललं, तिचा आवाज लहानपणापासून गोड. दुसऱ्या ओळीत ती थांबली. खोकली. परत गायला गेली आणि परत खोकली. झोका थांबवावा लागला. ती उतरली आणि झाडाच्या बुंध्याला धरून उभी राहिली. तो खोकला मी ओळखला. ओसरीवर आत्याबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी कोणालाही न विचारता पोरीला धुळ्याला नेलं. त्या दिवशी गाडीत कोण बसलंय ते मी बघितलं नाही. डावं फुप्फुस वरून पोखरलं होतं. डॉक्टरबाईने फोटो उजेडासमोर धरला आणि आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. गोळ्या लगेच सुरू केल्या. पुढे तपासणीत कळलं की नेहमीच्या गोळ्यांना हा जंतू दाद देत नाही, जास्त कडक औषध लागेल. बापाने अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी जंतूला मुर्दाड केलं असेल, आणि तोच तिच्यात आला असेल, असं ती हळू आवाजात म्हणाली.

सासरच्यांनी तिची पेटी एका छोट्या टेम्पोतून पाठवून दिली. जावई एकदा आला. दारातच उभा राहिला, तब्येत विचारली, केळी ठेवली आणि गेला. औषधाने तिला मळमळतं, कानात आवाज येतो, पायाला मुंग्या येतात. ती अंगणात खाटेवर पडून असते, मोकळ्या हवेत. आत्याबाईला लांब बस सांगितलं तरी ती खाटेच्या पायथ्याशी बसते आणि तिचे तळवे चोळते. कोनाड्यातले बिब्बे तिने कधी फेकले ते मला माहीत नाही. एके दिवशी बघितलं तर कोनाडा रिकामा होता.

परवा दुपारी फोन वाजला. पोरीची सासू होती. पेटी पाठवल्यापासून तिचा आवाज ऐकला नव्हता. मला वाटलं, तब्येत विचारते.

ती म्हणाली, "बहीन, एक इचारू का? रागे भरू नको."

"विचारा ना."

"आमना घर ते धुयावाला उनथात. बठ्ठासले सुई टोची गयात. मनी धाकलीना हात सुजना शे." मग तिने आवाज खाली आणला. "तुमनी पोरना हातले बिब्बा कसा लायेल व्हता? नुसती फुली, का बठ्ठा हातवर?"

मी उभी होते ती खाली बसले. म्हणजे त्या दिवशी हात हातात घेऊन तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, तेव्हाच तिला कळलं होतं. तरी तिने पोरगी करून नेली. का नेली, ते मी विचारलं नाही. चांगली, कामाची पोर दिसली असेल. किंवा माझ्यासारखंच तिलाही वाटलं असेल, काही होणार नाही.

मी म्हटलं, "काही लावू नका. गाठ आहे तर बरं आहे, अजून झोपलेलं असेल. फोटो काढा. तिला घेऊन धुळ्याला या, मी फाट्यावर येऊन उभी राहते. मी सोबत येते."

"रविवारले पाव्हना येतस तिले देखाले," ती म्हणाली.

"बाई, माझी पोर बघा ना. अंगणात पडलीय."

तिकडून फोन बंद झाला. मी परत लावला, तिने उचलला नाही. आणखी एकदा लावला, तर बंद लागला. बिब्बे काय, पारोळ्याच्या कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात.

"कोण होतं?" पोरीने खाटेवरून विचारलं.

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. मला वाटलं, पाणी मागते. तिला फोन हवा होता. नणंदेचा नंबर तिला पाठ होता. बाहीखालून फुलीची खूण दिसत होती.

तिने स्पीकर लावला. रिंग गेली. पलीकडून उचलल्याचा आवाज आला, आणि बारीक आवाजात, घाबरत, "वहिनी?"

"ऐक," माझी पोरगी म्हणाली. "हात कोणाला..." आणि तिला खोकला आला. तिने फोन तोंडापासून लांब धरला नाही. आत्याबाई तिची पाठ चोळू लागली. खोकला थांबेना. एका हाताने खाटेची पाटी धरून ती वाकली होती, दुसऱ्या हातात फोन तसाच तोंडासमोर.

मी जवळ गेले आणि वाकून बघितलं. पडद्यावरची वेळ पुढे सरकत होती. धाकटीने फोन ठेवला नव्हता, ती ऐकत होती.